वखारीच्या बावीवरचं गाऱ्हाणं

मुळगावच्या घरून आम्ही दोघी निघालो तेव्हा माझा मोठा भाऊ बल्कांवात (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसून अंगणातल्या ट्रककडे बघत होता. खाणी बंद पडल्या तेव्हापासून तो ट्रक तिथेच उभा आहे. दादाला कोणाशी बोलायचं नसलं की तो ट्रककडे बघतो. मी पायऱ्या उतरताना मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "जाऊन येतो रे!"

"गाऱ्हाणं बायकांनी घालायचं नसतं," तो ट्रकला म्हणाला.

"मग तू चल."

"माझे गुडघे दुखतात."

"परवा अस्नोड्याला फुटबॉलची मॅच बघायला गेलास, तेव्हा गुडघे घरी ठेवून गेला होतास काय?"

माझी भाची तृप्ती हसू दाबत पुढे झाली. तृप्ती म्हणजे दादाची मुलगी. माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती. तिच्यात शेंडीचा एक नारळ, हळद-कुंकवाची डबी आणि घरच्या पाण्याची मोठी बाटली.

कशासाठी निघालो होतो ते आधीच सांगून टाकते. तृप्ती तेहेतीस वर्षांची आहे, म्हापशाला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. पेडण्याचा निलेश नावाचा एक हायस्कूल मास्तर तिला पसंत आहे. त्याचा एकदा घटस्फोट झालेला आहे, पण त्यावर दादाची तक्रार नाही. उलट दोघे बसले की गाड्यांच्या इंजिनांवर तासन्‌तास बोलतात. तक्रार आहे ती देवाची. आमच्याकडे लग्न ठरवण्याआधी गावच्या देवळात प्रसाद लावतात. म्हणजे देवाच्या मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तृप्तीच्या लग्नाला डावी पडली. मग पुजाऱ्याने कारण शोधत विचारलं, मूळ जाग्याचं काही राहिलंय का? तर उजवी पडली, तीही टपकन. म्हणजे तिथे जाऊन, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला हवं.

ही मूळ जागा, म्हणजे आमच्या देवाचं पहिलं ठिकाण, जुन्या गोव्यात. आमचा कोणी पूर्वज तिथे नदीकाठच्या वखारीला (माल साठवायच्या मोठ्या कोठाराला) काथ्याचे दोर पुरवायचा, असं घरात सांगतात. पोर्तुगिजांची गलबतं लागायची, त्यांना दोर लागायचे. वखारीच्या पाठीमागे एक बाव (विहीर) होती आणि बावीच्या उगवतीला आमचा देव. पुढे पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा त्या पूर्वजाने देव पाटीत घातला, वर काथ्या रचला आणि न्हंय (नदी) ओलांडून डिचोलीकडे आला. नेमकं कधी, ते कोणालाच सांगता येत नाही. पण तेव्हापासून घरात एक शिस्त आहे: त्या जागेत पाऊल टाकायचं नाही, तिथलं पाणी प्यायचं नाही. पणजी-फोंडा बस जुन्या गोव्यावरून जाते, तर माझे वडील तेवढा वेळ डोळे मिटून बसायचे. आता मला सांगा, जाग्यावर नारळ ठेवा असं देव म्हणतो आणि जाग्यावर जाऊ नका असं घर म्हणतं. माणसाने करायचं काय?

आमच्या घराने यावर काढलेला तोडगा म्हणजे "पुढच्या वर्षी बघू."

मी एकोणसाठची आहे. डिचोलीच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. माझं लग्न झालेलं नाही; खरं बोलायचं तर होऊ दिलं नाही. पंचविशीत फोंड्याचं एक स्थळ आलं होतं. मला तो माणूस आवडला होता, त्याला मी. प्रसाद लावला, डावी पडली, मूळ जाग्याचं कारण निघालं आणि वडील म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. त्या माणसाने वर्षभर वाट पाहिली. मग नकार कळवला गेला आणि त्याने दुसरीकडे लग्न केलं. मी ते गिळलं, पण पचलं नाही. गेल्या महिन्यात दादाने तृप्तीसमोर तेच तीन शब्द उच्चारले तेव्हा माझं डोकंच सणकलं. निलेशच्या आईने शिमग्यापर्यंत काय ते कळवा असा निरोप दिला होता, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. मी दादाला म्हटलं, नारळ ठेवायचाय ना? मी ठेवते.

डिचोलीला बस बदलायची होती. नार्वेची गाडी सुटायला वेळ होता म्हणून स्टँडजवळच्या हॉटेलात शिरलो. पातळ भाजी आणि उंडो (कडक कवचाचा गोल पाव) मागवला. उंडो गरम होता, भाजीत वाटाणे जरा जास्तच होते. तृप्ती काही खाईना. नुसता पावाचा तुकडा भाजीत बुडवून परत ठेवायची.

"आत्या, आणि नारळ ठेवूनही डावीच पडली तर?"

"आधी ठेवू तर दे. उपाशी पोटी शंका काढू नकोस, चार घास खा."

ती खायला लागली. मी मात्र मनात म्हटलं, पोरीचा प्रश्न बरोबर आहे.

नार्वेची बस मयेवरून जाते. फेब्रुवारीचे दिवस, डोंगरउतारावर काजूला मोहोर आलेला, त्याचा आंबूस-गोड वास खिडकीतून येत होता. ट्रक धावायचे त्या काळात या बाजूची झाडं पानापानांवर तांबडी धूळ घेऊन उभी असत. आता पानं हिरवी आहेत आणि पोरं कामाशिवाय आहेत. काय चांगलं म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. नार्वेला उतरलो, देवळाला बाहेरूनच हात जोडले आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर आलो.

नदी तिथे रुंद नाही. पलीकडे दिवाडी बेट, काठाला खारफुटी, मध्ये एक बगळा. फेरीबोट आली, स्कूटर, सायकली, एक टेम्पो आणि आम्ही चढलो. मी पिशवी कठड्याशी टेकवली आणि पाण्याकडे बघत राहिले. इथेच चुकलं. बोट पलीकडच्या धक्क्याला लागताना जोरात आदळते हे मला काय माहीत नव्हतं? पिशवी कलंडली, नारळ गडगडत निघाला, आणि पुढे सुटायची घाई झालेल्या एका स्कूटरवाल्याचं चाक नेमकं त्याच्यावरून गेलं. कवटी तडकली, पाणी सांडलं.

तृप्तीचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्या, अपशकुन."

"कसला अपशकुन? स्कूटरवाल्याला डोळे नाहीत, एवढंच." मी मोठ्या आवाजात बोलले, पण मनात मलाही तेच आलं होतं. फुटका नारळ देवाला चालत नाही. मी ती दोन भकलं उचलली, एक तिच्या हातात दिलं, एक मी घेतलं. "खोबरं कवळं आहे. खा. दुसरा नारळ बघू."

दिवाडीत नारळ मिळायला काय अडचण, असं मला वाटलं होतं. अडचण होती ती अशी की माड सगळीकडे होते आणि दुकान एकही उघडं नव्हतं. दुपारच्या उन्हात आम्ही शेताकडेच्या रस्त्याने चालत राहिलो. दोन्ही बाजूंना खाजन (खाऱ्या पाण्याची, बांध घातलेली शेतजमीन), बांधावर म्हशी, आणि सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची. बाटलीतलं पाणी निम्म्यावर आलं. शेवटी एका घरापुढे फ्रॉक घातलेली एक म्हातारी बाई कोयतीने नारळ सोलत बसलेली दिसली, तशी मी सरळ फाटक ढकललं.

"बाय, एक नारळ मिळेल? शेंडी ठेवून सोललेला?"

"शेंडी कित्याक?" तिने मान वर न करता विचारलं.

"देवाला ठेवायचा आहे. लग्नासाठी."

तेव्हा तिने मान वर केली आणि मला नीट पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कोणाचें लग्न? तुजें?"

"माझं कसलं? हिचं!"

"तुजें कित्याक न्हय?" ती म्हणाली आणि अशी खो-खो हसली की तिच्या हातातली कोयती हलली. तृप्तीही हसली, सकाळपासून पहिल्यांदा. शेवटी मीही हसले.

तिने ढिगातून निवडून निवडून एक नारळ काढला, कानाशी हलवून पाहिला, शेंडी राखून सोलला. मी पर्स उघडली तशी ती रागावली. "पैशे नाकात. लग्नाक कोण पैशे घेता?" मग तृप्तीला तिने जवळ बोलावलं, तिच्या गालाला हात लावला आणि नवरा काय करतो ते विचारलं. मास्तर आहे म्हटल्यावर तिने तोंड वाकडं केलं. तिचाही नवरा मास्तर होता आणि आयुष्यभर घरात शाळा भरवायचा म्हणे. तिच्या शेजाऱ्याचा मुलगा रिक्षा घेऊन निघाला होता, त्याच्या रिक्षात तिने आम्हाला बसवून दिलं. निघताना तृप्ती तिच्या पाया पडली.

दिवाडीहून जुन्या गोव्याला नेणारी दुसरी फेरीबोट मोठी होती आणि पर्यटकांनी भरलेली. या वेळी नारळ मी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिले. पलीकडचा काठ जवळ यायला लागला. आधी नुसते माड, मग माडांमधून वर आलेले पांढरे मनोरे, मग धक्का. आयुष्यभर ज्या जागेवर डोळे मिटायला शिकवलं, तिथे मी डोळे उघडे ठेवून उतरत होते. उतरताना मी आधी उजवा पाय टाकला, मग माझंच मला हसू आलं. हे काय सासर आहे?

धक्क्यापासून रस्ता एका जुन्या कमानीखालून वर जातो. कमानीपाशी थांबून काही लोक फोटो काढत होते. वर आलो तर रस्त्याकडेला ओळीने गाडे. त्यांवर मेणबत्त्या, मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची छोटी घरं. ज्याला जे दुखतं किंवा हवं ते चर्चमध्ये नेऊन ठेवायचं. तृप्ती एका गाड्यापाशी रेंगाळली. "आत्या, आपल्यासारखंच की ग हे." मी म्हटलं, चल, इथे मेणाचा नवरा मिळत नाही.

वखारी कुठे, असं विचारलं तर कोणाला सांगता येईना. लोक तिथे चर्च बघायला येतात. तृप्तीने फोनवर नकाशा काढला, त्यात नदीकडेला नुसतं 'अवशेष' असं लिहिलेलं एक ठिकाण होतं. तिकडे पायवाटेने गेलो. मोठ्या चर्चच्या गर्दीपासून जरासं लांब गेलं की सगळं शांत होतं. झाडीत एक तारेचं कुंपण, कुंपणात एक फाटक, आत चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) रुंद भिंती. छप्पर केव्हाच गेलेलं. दरवाज्याच्या चौकटी काळ्या दगडाच्या, त्या तेवढ्या सरळ उभ्या. एका भिंतीत ओळीने कोनाडे होते. आतली जमीन गुळगुळीत, तिच्यात निळ्या नक्षीच्या चिनीमातीचे तुकडे रुतलेले. एवढ्या रुंद भिंती म्हणजे आत काय काय भरून ठेवत असतील! मिरी, कापड, आणखी काय काय, आणि एका कोपऱ्यात आमच्या माणसाचे काथ्याचे दोर. मला त्या कोपऱ्याचा वास घ्यावासा वाटला. घेतला तर नुसता गवताचा वास आला.

पण आम्ही एकट्या नव्हतो. मधल्या चौकटीत पांढरा झगा घातलेली एक मुलगी आणि कोटातला एक मुलगा उभे होते, समोर कॅमेरेवाला, बाजूला पंख्यासारखं काहीतरी धरलेला दुसरा माणूस. लग्नाआधीचे फोटो काढतात ना, ते चाललं होतं. आम्ही त्यांना वळसा घालून पाठीमागे गेलो आणि थबकलो.

बावी दोन होत्या.

एक भिंतीला लागून, कठडा पडलेला. दुसरी पन्नासेक पावलांवर, चिंचेच्या झाडाखाली, जवळजवळ कुंपणाला खेटून. घरात इतकी वर्षं "वखारीच्या पाठीमागे, बावीच्या उगवतीला" एवढं पाठ होतं, पण बाव कुठली ते कोणी पाठ केलं नव्हतं. कारण येणारच कोण होतं?

"आता?" तृप्तीने विचारलं.

"चिंचेखालची," मी म्हटलं.

"कशावरून?"

"मी ठरवलं म्हणून. चुकली असेल तर देव दोन पावलं चालत येईल. आपण एवढ्या दोन फेऱ्या करून आलो ना?"

पिशवीतून नारळ काढला आणि मागून शिट्टी वाजली. खाकी गणवेशातला, पन्नाशीच्या आतबाहेरचा एक पहारेकरी लगबगीने येत होता.

"ओ मावशीनु! नारळ भुतूर नेवचो नाय!"

मालवणी ऐकून मला बरं वाटलं. "कुठला रे तू?"

"बांद्याचो. पन ता रवांदे. हंय फुला, अगरबत्ती, नारळ कायएक चलणा नाय. वरसून ऑर्डर आसा."

"फोडणार नाही मी. नुसता ठेवणार."

"ठेवचो पन नाय. आज तुम्ही नारळ ठेवलास तर उद्या आणखी कोण घुमटी बांधीत. माझी नोकरी जायत."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला त्या क्षणी खरं-खोटं करायची इच्छा नव्हती. मी चौकटीतल्या जोडप्याकडे हात केला. "त्यांना चालतं? लग्नाचे फोटो काढतायत ते?"

"त्यांच्याकडे परवानगी आसा," तो ओशाळून म्हणाला. "आनि ते जातले निघान. नारळ ऱ्हवतलो."

तृप्तीने माझा हात धरला. "आत्या, चल. त्याची नोकरी कशाला घालवायची?"

मी तिथेच उभी राहिले. घसा कोरडा पडला होता. बाटली काढली तर रिकामी. दिवाडीच्या उन्हात संपली होती. पहारेकऱ्याने ते बघितलं आणि न विचारता आपली बाटली पुढे केली. "घेवा. हंयच्या नळाचा आसा, पन गोड आसा."

हंयच्या नळाचा, म्हणजे याच जागेचं पाणी. मी बाटलीकडे बघितलं, तृप्तीने माझ्याकडे. मग मी बाटली वर धरून घटाघटा प्यायले आणि तिला दिली. पाणी खरंच गोड होतं. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही की पाय लुळे पडले नाहीत.

पाणी पोटात गेल्यावर मला धीर आला. "नारळाला बंदी आहे. तोंडाला तर नाही ना?" मी त्याला विचारलं. तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी पदर डोक्यावर घेतला, चिंचेकडे तोंड केलं आणि लहानपणापासून पुरुषांच्या तोंडून ऐकलेल्या सुरात आवाज लावला.

"बा देवा म्हाराजाऽऽ! आज तुझी लेकरां ह्या जाग्यार इली हत म्हाराजा!"

आणि माझ्या शेजारून, एकदम खणखणीत आवाज आला: "व्हय म्हाराजा!"

पहारेकरी होता. टोपी हातात आली होती त्याच्या. त्याला स्वतःलाच कळलं नव्हतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्या कोकणात गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांदेखत केलेली फिर्याद. एकजण बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. साथ देणारा नसेल तर ते गाऱ्हाणंच नव्हे. आणि गोव्याच्या सीमेपलीकडे, बांद्यात वाढलेला माणूस गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडल्यावर गप्प राहूच शकत नाही, मग अंगावर कुठल्याही खात्याचे कपडे असोत.

मी संधी सोडली नाही. "जाणता-अजाणता काय चुकला आसात, मागच्यांनी काय ठेवचा ऱ्हवला आसात, ता आज पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी तृप्तीही म्हणाली.

"आनि ह्या पोरीचा लग्न..."

तिथे माझा आवाज गेला. काय झालं ते सांगते. "पोरीचा लग्न" म्हणताना मला तृप्ती दिसली नाही, मी दिसले. पंचवीस वर्षांची, निळं पातळ नेसलेली, पाहुण्यांना चहा देणारी. ही तीन वाक्यं कोणीतरी तेव्हा इथे येऊन बोलायला हवी होती. किती सोपं होतं! दोन फेऱ्या आणि तीन वाक्यं. मला इतकं रडू आलं की मी पदराचा बोळा तोंडात धरला. पहारेकरी खाली बघू लागला. फोटोवाल्यांनीही काम थांबवलं होतं. झगेवाली मुलगी चौकटीतून आमच्याकडे बघत होती.

तृप्ती पुढे झाली. तिने डोक्यावर ओढणी वगैरे काही घेतली नाही. लॅबमध्ये रिपोर्ट वाचून दाखवते त्याच आवाजात बोलली.

"देवा म्हाराजा, माझ्या आत्याने तुझ्यापायी खूप वाट बघितली. मी बघणार नाही. निलेशशी माझं लग्न मी ठरवलंय. तुला विचारायला आले नाही, सांगायला आलेय. आशीर्वाद द्यायचा असेल तर दे, नसेल तर निदान आड येऊ नकोस. आणि यापुढे आमच्या घरातल्या कुठल्याही मुलीला थांबवू नकोस."

असं गाऱ्हाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग पहारेकऱ्याने घसा खाकरला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं. आणि चौकटीतली ती झगेवाली, कुठली होती देव जाणे, तीही टाळ्या वाजवत म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

"कसला गाऱ्हाणा घातलस गो बाय," पहारेकरी टोपी चढवत म्हणाला. "देवाकच दम दिलस." मग आजूबाजूला बघून त्याने चिंचेच्या पलीकडे बोट दाखवलं. "कुंपणाच्या भायर माझी ड्यूटी नाय. तिकडसून वाट आसा."

आम्ही वळसा घालून कुंपणाबाहेर गेलो. चिंचेची मुळं तारेखालून बाहेर आली होती. बावीची उगवतही नेमकी तीच बाजू. मुळांच्या बेचक्यात तृप्तीने नारळ ठेवला, मी हळद-कुंकू वाहिलं. आतून पहारेकरी पाठ करून उभा होता.

परतीच्या फेरीत आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिलो. मागे मनोरे माडांत बुडत गेले. मला वाटलं होतं, ती जागा बघून राग येईल. राग यायला तिथे समोर कोणी हवं ना! ज्यांनी हाकललं ते गेले, त्यांच्या वखारी छपराविना पडल्या आहेत, दारात पोरं फोटो काढतात. भीती तेवढी आम्ही जपून ठेवली होती, आणि ती आमच्याच मुलींच्या वाट्याला वाढत होतो. नदी ओलांडायला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागतो. हे मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं, जावंच लागलं. तृप्ती फोनवर निलेशला काहीतरी लिहीत होती आणि मधूनच हसत होती.

घरी पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दादा बल्कांवातच होता. वहिनीने पाणी आणून दिलं.

"गाऱ्हाणं कोणी घातलं?" त्याने विचारलं.

"सुरुवात मी केली. पुरं तृप्तीने केलं."

त्याच्या कपाळावर आठी चढली. "असं नसतं सुमा. बरं, उद्या देवळात जाऊन परत प्रसाद लावू. उजवी पडली तर..."

"नको, बाबा," तृप्ती म्हणाली. "आता विचारायचं काही राहिलं नाही."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला गप्प करीन असं वाटलं असावं त्याला. मी गप्प केलं नाही. तो अंगणातल्या ट्रककडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिथे आहे काय?"

"चार भिंती, दोन बावी, एक चिंच."

"एवढंच?"

"एवढंच. आणि बांद्याचा एक पहारेकरी, बरा माणूस."

दादाने हातांनी गुडघे चोळले. "फोंड्याला नको म्हणून कळवायला बाबांनी मलाच पाठवलं होतं," तो म्हणाला. मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, पत्र गेलं. "बस जुन्या गोव्याला थांबली होती. चाक पंक्चर झालं होतं. सगळे उतरले, मी एकटा आत बसून राहिलो, डोळे मिटून. मनात आलं होतं, उतरावं, कुठूनतरी नारळ घ्यावा, ठेवून यावा, आणि फोंड्याला होकार कळवावा. चाक बदलेपर्यंत वेळ होता गे." तो थांबला. "उतरलो नाही."

मला राग आला. खूप आला, खोटं कशाला सांगू? वाटलं, आज सांगतोस? पण त्याचे डोळे भरलेले दिसले, आणि दारात तृप्ती उभी होती, हातात फोन धरून, श्वास रोखून. माझ्या भांडणाला ही वेळ नव्हती. ते पुढे कधीतरी मी भांडणारच आहे.

"मग आता उतर," मी म्हटलं.

दादाने तृप्तीकडून फोन मागून घेतला. चष्मा न घालता नंबर दिसेना, म्हणून तिनेच लावून दिला. पलीकडे निलेशची आई बोलली असावी, कारण दादा उठून उभा राहिला.

"मुळगावहून बोलतोय, तृप्तीचा बाबा," तो म्हणाला. "शिमगा झाला की तुम्हाला सोयीचा कुठलाही दिवस धरा. आमच्याकडून आता काही अडचण नाही."